सणाच्या अंकासाठी कुटुंबाचं शूट : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

"सणाच्या अंकात एका कुटुंबावर सहा पानं करतोय, फोटो तुम्ही काढाल का?" असा फोन आला की नव्या फोटोग्राफरचा हात आधी लेन्सच्या बॅगेकडे जातो. थोडं थांबा. या कामातला कॅमेऱ्याचा भाग सोपा आहे आणि तो आदल्या दिवशीच उरकून ठेवता येतो. अवघड असतं ते घरातल्यांना तुमचा विसर पडेल असं काहीतरी त्यांच्या हाती देणं. पुढे जे सांगतेय ते सगळं त्यासाठीच. शटर दाबायची वेळ येईल तेव्हा तुमचं लक्ष आकड्यांवर नको, मुलांवर हवं.

१. आधी संपादकाला विचारा

किती पानं आहेत, पानभर फोटो किती, एखादा फोटो दोन पानांवर पसरणार आहे का, मथळा फोटोवर येणार की बाजूला, मुखपृष्ठासाठीही काही लागेल का, हे सगळं वहीत लिहून घ्या. लेख तयार असेल तर मागून घ्या आणि नीट वाचा. लेखात आजोबा आणि नात यांची जोडी असेल आणि तुम्ही फक्त आईबाबांसोबतचे फोटो घेऊन आलात, तर फोटो कितीही सुंदर असोत, पान लावताना अडतंच.

मासिकाचं काम काही महिने पुढचं चालतं. थंडीतल्या सणाचा अंक बरेचदा भर उन्हाळ्यात शूट होतो. म्हणजे लोकरीचे कपडे, आवाज आत येऊ नये म्हणून लावलेली दारं आणि घामेजलेली मुलं. अशा वेळी स्वेटर सगळ्यात शेवटी चढवा, दहा मिनिटांत तेवढे फोटो घ्या आणि लगेच उतरवा. उकाड्याच्या आधी मूल चिडतं ते मानेला टोचणाऱ्या लोकरीने. आत पातळ सुती बनियन घातलं की बराच फरक पडतो.

२. पानाचं गणित

छपाईसाठी साधारण ३०० पिक्सेल प्रति इंच धरतात. ए४ आकाराच्या एका पानाला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेलच्या आसपास. त्यात चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड धरा, कारण पान कापताना तेवढी कड जाते. दोन पानांवर पसरणाऱ्या फोटोला ब्लीडसकट जवळपास ५०३० बाय ३५८० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हे बसतं, पण नंतर कापाकापी करायला फार जागा उरत नाही. म्हणून पसरणारा फोटो काढतानाच चौकट नीट बांधा.

शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांची चौकट तीनास दोन असते आणि पान त्याहून थोडं ठेंगणं. लांबीकडचा थोडा भाग जाणारच, तेव्हा कुणाचं डोकं किंवा पावलं कडेला टेकवू नका. मधल्या घडीचं भान तर सतत ठेवा. पाच जणांच्या ओळीत बरोबर मधोमध धाकटं मूल बसवलंत, तर छापून आल्यावर त्याचा चेहरा घडीत गेलेला दिसेल. मी हे एकदा अंक हातात आल्यावर पाहिलं आणि त्या मुलाच्या आजीला फोन करताना मला फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून दोन पानांचा फोटो असेल तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर ग्रिड चालू करून मधला पट्टा मोकळा सोडते. मोकळा म्हणजे तिथे हात, दोरी, रिबन, जमीन काहीही चालेल, फक्त डोळे नकोत.

मथळ्यासाठीही जागा लागते. मुखपृष्ठाचा विचार असेल तर डोक्यावर एक तृतीयांश चौकट साधी ठेवा, एका रंगाची भिंत किंवा धूसर पडदा. हा फोटो त्या क्षणी तुम्हाला रिकामा वाटेल, तरी घ्याच. डिझायनर दुवा देईल.

३. परवानगी : कागदावर आणि मुलाकडून

लहान मुलांच्या वतीने आई, वडील किंवा कायदेशीर पालक सही करतात. कागदावर फोटो कुठे कुठे वापरणार ते वेगवेगळं लिहा: छापील अंक, वेबसाइट, समाजमाध्यमं, जाहिरात. लेखासोबत छापायला दिलेला होकार जाहिरातीला आपोआप लागू होत नाही. आईवडील वेगळे राहत असतील तर मुलाचा कायदेशीर ताबा कुणाकडे आहे हे न संकोचता विचारा. बऱ्याच ठिकाणी पैसे घेऊन मुलांना कॅमेऱ्यासमोर आणायला सरकारी परवाना लागतो आणि कामाच्या तासांनाही मर्यादा असते. तुम्ही जिथे काम करता तिथला नियम शूटच्या आधी, संपादकाकडून लेखी घ्या.

पण सही झाली म्हणजे मुलाने होकार दिला असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात १२ वं कलम आहे: मुलाशी संबंधित बाबींत त्याचं मत ऐकून घेतलं गेलं पाहिजे. १६ वं कलम त्याच्या खाजगीपणाबद्दल आहे. मी प्रत्यक्षात करते ते इतकंच, की पोचल्यावर जमिनीवर बसते, कॅमेरा मुलाच्या हातात देते आणि सांगते, "तू हात असा वर केलास की मी कॅमेरा खाली ठेवणार." मूल पाच मिनिटांतच हात वर करून बघतं. त्या वेळी खरोखर कॅमेरा खाली ठेवावा लागतो, अगदी समोर अप्रतिम प्रकाश असला तरी. दुसऱ्या वेळेलाही ठेवा. तिसऱ्यांदा सहसा हात वर होत नाही, कारण त्याला कळलेलं असतं की आपल्या शब्दाला इथे किंमत आहे.

४. घर आधी बघून या

शक्य असेल तर आठवडाभर आधी, ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी जा. मोठी खिडकी कुठे आहे, त्यातून थेट ऊन येतं की नुसता उजेड, समोरची भिंत कोणत्या रंगाची आहे ते बघा. हिरव्या भिंतीवरून परतलेला उजेड गालांवर हिरवट छटा आणतो आणि ती नंतर काढणं किचकट जातं. भिंतीवरची प्रमाणपत्रं, दप्तरावरचं शाळेचं नाव, घराचा क्रमांक, गाडीची नंबरप्लेट, फ्रीजवर चिकटवलेला डॉक्टरांचा कागद यातलं काहीही अंकात जाऊ नये. हे सगळं तेव्हाच टिपून ठेवा.

मुलांचं वेळापत्रकही विचारा. झोप झालेली आणि पोट भरलेलं, अशी दीड तासाची वेळ मिळाली तर खूप झालं. "तुम्ही सांगाल ती वेळ" असं पालक म्हणतात. मुलाच्या सोयीची वेळ सांगा, असा आग्रह आपण धरायचा.

कपड्यांबद्दल दोनच सूचना द्या. बारीक रेघांचे किंवा बारीक चौकड्यांचे कपडे नकोत, सेन्सरवर त्यांच्या लाटा उमटतात. आणि सगळ्यांनी एकाच रंगाचं घालायची गरज नाही, फक्त मोठ्या अक्षरांचे शर्ट टाळा.

लाल रंगाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण सणाच्या अंकात तो येतोच. एकदा मुलाच्या अंगात गडद लाल विणीचा स्वेटर होता. कॅमेऱ्यावरचा साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) व्यवस्थित दिसत होता, छापून आल्यावर मात्र स्वेटरच्या जागी लाल डाग, विणीचा एक टाका दिसेना. साधा हिस्टोग्राम सगळ्या रंगांचा मिळून असतो. एकटा लाल चॅनल कडेला जाऊन आपटला तरी तो सांगत नाही. आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) चालू करा, लाल कडेला टेकत असेल तर एक्स्पोजर अर्ध्या ते एक स्टॉपने उतरवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. लाल कपड्याची झाक हनुवटीखालीही पडते, तिथे बाजूने पांढरा पुठ्ठा धरला की बरीच कमी होते.

५. प्रकाश लावा आणि मग त्याला हात लावू नका

घरातल्या शूटला खिडकीसारखा दिवा नाही. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. मुलं खिडकीपासून एखाद-दीड मीटरवर, खिडकी त्यांच्या बाजूला, तुम्ही भिंतीकडे. सावलीची बाजू फार काळवंडली तर तिकडे पांढरी चादर किंवा फोमबोर्ड उभा करा. घरातले बल्ब बंद. पिवळा बल्ब २७०० केल्विनच्या आसपास असतो आणि दिवसाचा उजेड ५५०० च्या. दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळसर. काही एलईडी दिवे डोळ्यांना न जाणवेल असे लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटरने फोटोत आडवे पट्टे येतात. दिवा ठेवायचाच असेल तर मेकॅनिकल शटर वापरा आणि एक फ्रेम मोठी करून तपासा.

सणाची दिव्यांची माळ मागे हवी असते. तिचा उजेड इतका मंद असतो की भर दुपारी ती विझल्यासारखी दिसते. म्हणून हा फोटो दिवस कलताना घ्या, किंवा खिडकीचा पडदा निम्मा ओढा. माणसं माळेपासून दोन-तीन मीटर पुढे आणा आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) मोठं उघडा. दिवे मऊ गोळे होऊन मागे राहतात. माळ मुलांच्या अगदी मागे टांगली तर ते नुसते ठिपके दिसतात आणि केसांत अडकल्यासारखे वाटतात.

फ्लॅश लागलाच तर पांढऱ्या छताकडे किंवा मागच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा. दिव्याच्या स्टँडला वजनाची पिशवी बांधा, वायरी टेपने जमिनीला चिकटवा. पळणारं मूल वायरीकडे बघत नाही. खरी मेणबत्ती पेटवायची असेल तर तिच्या शेजारी एक मोठं माणूस नुसतं त्याच कामाला हवं.

६. कॅमेऱ्याचे आकडे

एकोणिसाव्या शतकात फोटोला कित्येक सेकंद लागायचे, तेवढा वेळ बाळ हलायचं. म्हणून आई अंगावरून कापड पांघरून खुर्चीसारखी बसायची आणि मांडीवर बाळाला घट्ट धरायची. असे अनेक जुने फोटो आज संग्रहांत आहेत: बाळ स्पष्ट, आणि मागे कापडाखाली आईचा आकार. आपल्याला आता कुणाला धरून ठेवावं लागत नाही, कुणाला झाकावंही लागत नाही. ती सोय पुरती वापरा. बसून काही करणाऱ्या मुलासाठी शटर १/२५० सेकंद, उड्या मारणाऱ्या किंवा धावणाऱ्यासाठी १/५०० ते १/१०००. ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो) लावून किमान शटर ठरवून टाका. ३२०० आयएसओची थोडी रवाळ फ्रेम छापता येते, हललेला चेहरा छापता येत नाही.

फोकस सलग पाठलाग करणाऱ्या मोडवर आणि डोळे ओळखणारी सोय चालू.

अ‍ॅपर्चरबाबत नवे लोक हमखास चुकतात. पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून एफ १.८ वर (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) सगळं काढतात. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ८५ मिमी लेन्स, एफ १.८ आणि दोन मीटर अंतर असेल तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम सहा सेंटिमीटर असते. एका मुलाचा एक डोळा स्पष्ट आणि दुसरा मऊ. तेच ५० मिमी, एफ ५.६ आणि तीन मीटरवर ती सव्वा मीटरच्या आसपास जाते, दोन रांगा आरामात बसतात. एकट्या मुलाला एफ २.८, दोघांना एफ ४, घरच्या सगळ्यांना ५.६ ते ८, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. ३५ मिमीहून रुंद लेन्सने घोळक्याचा फोटो काढलात तर कडेची माणसं ताणल्यासारखी दिसतात, आणि कडेला बहुधा ज्यांना आधीच संकोच वाटत असतो तेच उभे असतात.

७. हसायला सांगू नका, काम द्या

आता मुख्य गोष्ट. फ्रेंच वैद्य दुशेन यांनी १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. मनातून हसताना ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो आणि तो हुकमावर सहसा हलत नाही, हे त्यांनी दाखवलं. "हस रे!" म्हटल्यावर मूल दात दाखवतं आणि डोळे तसेच राहतात, त्याचं कारण हेच.

म्हणून मी मुलांना काम देते. एक उदाहरण सांगते. चार वर्षांची मुलगी, समोर खोका, त्यावर रिबनची गाठ. गाठ मी मुद्दाम थोडी घट्ट बांधलेली. तिने आधी नखांनी प्रयत्न केला, मग जिभेचं टोक बाहेर काढून दोन बोटांनी. वडील शेजारी बसले होते. त्यांनी काही न बोलता गाठीशेजारी बोट टेकवून रिबन धरून ठेवली. गाठ सुटली तेव्हा तिने खोका उघडलाच नाही, आधी वडिलांकडे बघितलं. तेवढाच तो सेकंद. त्या फोटोत तिचा चेहरा अर्धा वळलेला आहे, केस डोळ्यांवर आलेत, पण मोठं पान त्यालाच मिळालं. खोका खिडकीच्या उजेडात मी ठेवला होता, अ‍ॅपर्चर ठरलेलं होतं. बाकी त्या दोघांनी केलं.

काम कसं निवडायचं? हात गुंतले पाहिजेत, दोघांची गरज लागली पाहिजे आणि ते लगेच संपता कामा नये. माळेचा गुंता सोडवणं, कागदात काहीतरी गुंडाळताना भावंडाने बोट धरणं, आईच्या कानात गुपित सांगणं आणि मग आईने ते बाबांना सांगणं. सूचना एका वेळी एकच द्या आणि दिल्यावर गप्प बसा. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. रांगतं बाळ असेल तर पोटावर आडवे पडा.

पालकांशी मात्र आधी मोकळेपणाने बोलायला हवं. फोटोग्राफरच्या मागे उभं राहून "इकडे बघ! इकडे!" करणारे आईबाबा असले की प्रत्येक फ्रेममध्ये मूल लेन्सच्या वर कुठेतरी बघत असतं. त्यांना मागे उभंच राहू देऊ नका. चौकटीत घ्या, त्यांनाही काम द्या. विशेषतः आईला. घरातले बहुतेक फोटो तीच काढत असते, त्यामुळे ती स्वतः त्यांत क्वचितच असते. ती "माझं राहू द्या, मुलांचे घ्या" म्हणेल. तिचे हात तरी चौकटीत येऊ द्या, चेहरा आपोआप येतो.

सात-आठ वर्षांच्या पुढची मुलं कामाच्या युक्तीला भुलत नाहीत. त्यांना खरं सांगा: पान कसं दिसणार आहे, तुम्हाला काय हवंय. किशोरवयीन मुलांना पडद्यावर फोटो दाखवा आणि नको असलेला त्यांच्यासमोर काढून टाका. लाजणाऱ्या मुलाला कॅमेरा द्या आणि घरच्यांचे फोटो काढायला सांगा. कोडॅकने १९०० साली ब्राउनी हा साधा खोक्याचा कॅमेरा आणला तो मुलांना समोर ठेवूनच, आणि मुलांनी तो सहज चालवला. पाच मिनिटं फोटो काढले की मुलाला लेन्सचं भय राहत नाही. त्याने काढलेल्यांपैकी एखादा संपादकाला जरूर दाखवा.

थकल्याच्या खुणा ओळखा: डोळे चोळणं, कान ओढणं, अकारण आईच्या मागे जाणं. तिथे थांबायचं. थकून रडणाऱ्या मुलावर मी कॅमेरा उचलत नाही.

८. सगळ्यांचा एकत्र फोटो

हा अगदी सुरुवातीला घ्या, कपडे आणि मनं ताजी असताना. उंच माणसं बसवा, मुलं उभी करा, डोकी एका रेषेत येऊ देऊ नका. माणसांमध्ये फट दिसली की "जवळ या" असं न म्हणता "एकमेकांना टेकून बसा" म्हणा. चेहरे साधारण एकाच अंतरावर राहतील असं बघा. चष्म्यावर खिडकी चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित वर उचला आणि हनुवटी जराशी खाली.

कुणाचे डोळे मिटू नयेत यासाठी किती फोटो घ्यावेत, याचं गणित ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी मांडलं. २००६ मध्ये त्यांना गणितासाठी इग नोबेल मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा आणि कमी उजेडात दोनने, म्हणजे नऊ जणांना तीन किंवा पाच. ते उघडझाप करणाऱ्या डोळ्यांपुरतं. मुलं मानाही वळवतात, म्हणून मी त्याच्या चौपट घेते.

एका फोटोतलं डोकं दुसऱ्यावर चिकटवायचं असेल तर आधी संपादकाला विचारा. काही मासिकं ते अजिबात चालवून घेत नाहीत.

९. घरी आल्यावर

जेवायच्या आधी दोन ठिकाणी कॉपी, आणि तोवर कार्ड पुसायचं नाही. निवडताना एकाच क्षणाचे दहा फोटो पाठवू नका. उभे-आडवे, लांबचे-जवळचे, हातांचे, खोलीचे असे तीस-चाळीस पाठवा, पान लावणाऱ्याला मोकळीक मिळते. रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) स्वतः बदलू नका. छापखान्याच्या कागदाप्रमाणे ते त्यांच्याकडे होतं, आपण संपादक सांगतील त्या आरजीबी प्रोफाइलमध्ये द्यायचं. भडक निळे आणि हिरवे छापल्यावर उतरतात, हे कुटुंबालाही आधी सांगून ठेवलं की बरं.

फोनवरून काढलेल्या फोटोंत बरेचदा घराचं नेमकं ठिकाण फाइलमध्येच नोंदलेलं असतं. काही कॅमेऱ्यांतही. बाहेर पाठवण्याआधी ती नोंद काढून टाका, मात्र फोटोओळीचा तपशील राहू द्या.

फोटोओळीत नावं डावीकडून उजवीकडे, वय, कोण कुणाचं कोण. किती नाव द्यायचं, पूर्ण की फक्त पहिलं, ते पालक ठरवतात. शुद्धलेखन मुलांकडून तपासून घ्या. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ याबद्दल ती फार काटेकोर असतात. मी फोटोओळी फोनवर सगळ्यांना एकदा वाचून दाखवते आणि मगच फाइल पाठवते.